गाळलेल्या ओव्या

माझं तोंड तिखट आहे, हे महाळुंग्यात कुणालाही विचारा. खानावळीत जेवणारी कंपन्यांमधली माणसं ते रोज दोन वेळा ऐकतात आणि तरी जेवायला येतात, म्हणजे भाजी बरी होत असणार. कणीक मळताना मात्र मी कुणाला बोलत नाही, ओव्या म्हणते. हात फिरायला लागला की तोंडात ओवी येते, ही आईची सवय माझ्यात उतरली आहे. आई जात्यावर म्हणायची, मी परातीवर म्हणते, एवढाच फरक. माझ्या मोठ्या जावेची मुलगी वाकडला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एका रविवारी घरी आली असताना तिने माझं हे म्हणणं मोबाइलवर घेतलं आणि कुठेकुठे टाकलं. मी म्हटलं, टाक बाई, माझी कणीक तरी जग बघून येईल.

ते कुठून कुठे गेलं कोण जाणे, पण तीन-चार महिन्यांनी लिथुआनिया नावाच्या देशातून पत्र आलं. तिथे दर उन्हाळ्यात देशोदेशींचे लोक जमून आपापली जुनी गाणी म्हणतात. यंदा त्यांना कामाची गाणी हवी होती, म्हणजे दळतानाची, नांगरतानाची, होडी वल्हवतानाची. चार बायकांनी यावं, जाण्यायेण्याचं आम्ही बघतो, असं त्यांनी लिहिलं होतं. पुतणीने ते वाचून दाखवलं तेव्हा आमच्या मालकांनी पहिला प्रश्न विचारला, ओटीपी मागितलाय का? मागितला नाही म्हटल्यावर त्यांचा थोडा विश्वास बसला. उरलेला बसायला पुतणीला तिकडच्या बाईंशी फोनवर तोंड दाखवून बोलणं करून द्यावं लागलं.

चार जणी ठरल्या. मी, मोठ्या जाऊबाई, पुतणी आणि बीडकरीण. बीडकरीण म्हणजे आमच्या खोल्यांमधली भाडेकरू. नवरा गोडाउनवर फोर्कलिफ्ट चालवतो, ती पॅकिंगच्या लाइनवर उभी असते. तिचा आवाज असा की मशीन चालू असताना पलीकडच्या लाइनवरच्या बाईला ऐकू जातो. ओव्या तिलाही ढिगाने येतात, चाल थोडी वेगळी. सुपरवायझरकडे पंधरा दिवसांची रजा मागायला गेली, तर तो म्हणाला, बाळंतपणाला जाताय का. परदेशात दळण दळायला चालले, असं तिने सांगितलं आणि तो आजतागायत बुचकळ्यात आहे.

आता खरी अडचण सांगते. ओवीला क्रम असतो. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबापाच्या, मग भावाच्या आणि सगळ्यात शेवटी लेकराबाळांच्या. भावाच्या सगळ्यात जास्त असतात. बाईच्या जातीला सासरी बसून आठवायला दुसरं होतं कोण? माझ्या आईला भावाच्या शंभरेक ओव्या येत होत्या आणि त्या सगळ्या मला येतात. पण चार वर्षं झाली, मी त्या म्हणत नव्हते. आईबापाच्या संपल्या की मी उडी मारून थेट लेकरांवर जायचे.

माझं माहेर निघोज्याचं, इथून हाकेच्या अंतरावर. पाठचा एकच भाऊ. वडिलांची उरलेली जमीन गोडाउनवाल्याला द्यायची ठरली, तेव्हा तो हक्कसोडाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. आमच्याकडे बहिणी सही करतात आणि साडी घेऊन घरी जातात. माझ्या जाऊबाईंनीही त्यांच्या भावांना तशीच सही करून दिली आहे. मी म्हटलं, सही करते, पण वाटा घेऊन. तो म्हणाला, आक्का, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना त्यांच्या बहिणींचं बघू दे. वाटा मिळाला, त्यातून आम्ही या खोल्या बांधल्या. मला त्याचा पश्चात्ताप तेव्हा नव्हता, आजही नाही. पण त्या दिवसापासून भावाने माझं नाव टाकलं. दिवाळी आली आणि गेली, तो आला नाही. त्याच्या घरच्या वास्तुशांतीला सगळ्या महाळुंग्याला आवतण होतं, मला नव्हतं.

मी बाहेर म्हणायचे, गेला उडत. आतून मला त्याची आठवण यायची. ज्याला कडेवर घेऊन मी निम्मं बालपण काढलं, तो रस्त्यात दिसला की गाडीचा आरसा नीट करायला लागायचा. अशा माणसावर ओवी कुठल्या तोंडाने म्हणायची? खोटं गाणं माझ्याने होत नाही. म्हणून मी भावाच्या ओव्या गाळल्या.

पासपोर्टसाठी जन्मतारखेचा दाखला लागला, तो निघोज्याच्या शाळेतून आणायचा होता. शाळेची वाट भावाच्या दारावरून जाते. तो ओट्यावर बसला होता. मी पदर नीट केला, पाऊल थोडं हळू केलं. त्याने मोबाइल कानाला लावला. मोबाइल वाजलेला नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं. शाळेतल्या बाईंनी दाखला देताना विचारलं, एवढ्या वर्षांनी कशाला लागला? परदेशी चालले म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. त्या चहाची चव मला लागली नाही.

तालीम आमच्या खोल्यांच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत व्हायची. जुनं जातं धुऊन काढलं, त्यावर ज्वारी दळायची आणि पुतणीने घड्याळ लावायचं. आम्हाला बारा मिनिटं मिळणार होती. ओवी म्हणजे दोन ओळी, एकीने म्हणायच्या आणि समोरचीने उचलायच्या. मी आणि बीडकरीण समोरासमोर बसायचो, जाऊबाई बाजूला सूप घेऊन. दोन मुठी ज्वारी कमी केली की बरोबर बारा मिनिटांत दळण संपायचं. पहिल्याच दिवशी जाऊबाई म्हणाल्या की तू भाऊ गाळलास. मी म्हटलं, वेळ पुरत नाही. त्या बाईंनी चाळीस वर्षं मला ओळखलं आहे. त्या सूप पाखडत राहिल्या.

जातं विमानात चढेना, कारण त्याचं वजन आम्हा चौघींच्या सामानाहून जास्त भरत होतं. पुतणीने तसं कळवलं. तिकडून उत्तर आलं, काळजी करू नका, आमच्याकडे जाती आहेत.  गोऱ्यांच्या देशात जातं? जाऊबाईंना वाटलं, चटणी वाटायचं मशीन वगैरे असेल.

प्रवासाचं काय सांगू. विमानात जाऊबाईंनी चटणीचा डबा उघडला आणि पुढच्या तीन रांगांतले लोक मागे वळून बघायला लागले. त्यातल्या एकाने हात पुढे केला, त्याला चटणी दिली, मग त्याने पाणी मागितलं. उतरल्यावर बसने दोन तास गेलो. सगळीकडे हिरवं, सपाट, माणूस औषधाला नाही. बीडकरीण म्हणाली, "काकू, हितं एमआयडीसी आली तर लई जागा हाय बघा." आम्ही सगळ्याच हसलो.

आम्हाला ठेवलं होतं तिथे जवळच एक संग्रहालय होतं. छप्पर नाही, भिंती नाहीत, तर मोकळ्या माळावर जुनी लाकडी घरं आणून मांडलेली आणि प्रत्येक घरात जुन्या काळचा संसार. त्यातल्या एका घरात खरंच जातं होतं. दोन दगड, वरच्याला भोक, सगळं आपल्यासारखं. फक्त ते लाकडी घोडीवर कंबरेच्या उंचीला मांडलेलं आणि खुंट्याच्या जागी एक लांब काठी, तिचं वरचं टोक आढ्याला अडकवलेलं. उभं राहून दळायचं. मला भरून आलं. एवढ्या लांब येऊन पहिल्यांदा काही ओळखीचं दिसलं होतं.

जाऊबाईंनाही तसंच वाटलं असणार. त्यांनी कनवटीची पुडी काढली, जात्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर दोन दाणे टाकले आणि हात जोडले. जातं दिसलं आणि बाई हात न जोडता तशीच उभी राहिली, असं आमच्याकडे होतच नाही. तिथे पाठीमागे एक पाटी होती आणि तिच्यावर काय लिहिलं होतं ते पुतणी सोडून कुणाला वाचता येत नव्हतं. पुतणी बाहेर फोटो काढत होती. ती आत आली आणि किंचाळायची तेवढी राहिली. ते जातं दीडशे वर्षांपूर्वीचं होतं आणि त्याला हातसुद्धा लावायचा नव्हता.

मग धावपळ झाली. एक गृहस्थ हातमोजे घालून आले, कापूस आणि कसलीशी बाटली घेऊन. जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. हळद निघते का, हे त्या मला विचारत होत्या, आणि हळद निघत नाही हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं. तेवढ्यात त्या घराची देखरेख करणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. माझ्या आईच्या वयाच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांनी पुतणीला विचारलं, हे काय लावलंय आणि का. पुतणीने सांगितलं. त्या दगडाजवळ गेल्या, वाकून बघितलं आणि त्या गृहस्थांना काहीतरी म्हणाल्या. गृहस्थांनी कापूस खिशात घातला. पुतणीने नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या होत्या की इतक्या वर्षांत या दगडाला पहिल्यांदाच कुणी नमस्कार केलाय, राहू दे.

आम्हाला मात्र दुसरं जातं मिळालं, शाळेच्या मुलांना दाखवायला केलेलं. ते जमिनीवर ठेवता येत होतं. खुंटा त्या बाईंनी स्वतः चाकूने तासून दिला. मग त्या आमच्यासोबत खालीच बसल्या आणि पुतणीकरवी विचारायला लागल्या, तुम्ही कुणाची गाणी म्हणता? मी क्रम सांगितला. देव, आई, बाप, भाऊ, लेकरं. त्यांनी विचारलं, तुम्हाला भाऊ आहे? आहे म्हटलं. बरा आहे का? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. पुतणीने त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण त्या बाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा कार्यक्रम झाला. माळावर लाकडी मंच, समोर चटयांवर बसलेली माणसं, ऊन मऊ. ज्वारी तिकडे मिळत नाही, म्हणून त्यांनी गव्हासारखं काळपट धान्य दिलं होतं. आम्ही तालमीच्या मापाने घेतलं. पण ते धान्य चिवट आणि दगड नवा, पिठाला उशीर लागत होता. देवाच्या ओव्या झाल्या, आईबापाच्या झाल्या, उडी मारून लेकरांच्या झाल्या, आणि जात्यात दाणे तसेच. त्यात बीडकरणीला वाटलं की जातं रिकामं फिरेल, म्हणून तिने वरून आणखी मूठभर घातले. मी डोळे वटारले. तिने ते भक्तिभावाचे समजून आणखी अर्धी मूठ घातली.

जात्यात दाणा ठेवून उठू नये आणि जातं मुक्याने फिरवू नये, ही माझ्या आईची शिकवण. हात थांबवता येईना आणि तोंडात ओवी उरली नव्हती. दोन फेरे नुसते घरघर करत गेले. समोरचे लोक आमच्याकडे बघत होते, जाऊबाई सूप धरून माझ्याकडे बघत होत्या. उरलेल्या होत्या त्या फक्त भावाच्या. आईच्या ओव्यांत भाऊ घोड्यावर बसून येतो, चोळी आणतो. तसलं माझ्या तोंडातून निघेना. मग जे निघालं ते माझंच होतं.

निघोज्याच्या वाटेला गं, उभी भिंत कंपनीची
भिंतीपल्याड बंधू माझा, त्याला सय का बहिणीची

बीडकरणीने ते उचललं, नेहमीसारखं, खणखणीत. तिला आमच्या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. जाऊबाईंच्या हातातलं सूप थांबलं. मला आता थांबायचं नव्हतं.

वाटा माझा घेतला मी, त्याचा राग धरू नको
पाठच्या माझ्या बंधवा रं, बहीण परकी करू नको

हेही बीडकरणीने पंचक्रोशीला ऐकू जाईल अशा आवाजात उचललं. आणखी चार-पाच झाल्या, आता मला आठवतही नाहीत. दाणे संपले. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, फक्त त्या रुमालवाल्या म्हाताऱ्या बाई डोळे पुसत होत्या. मी आनंदात होते. खोटं न गाता भावाचं गायला मिळालं, याचा आनंद होता. मंचावरून उतरल्यावर जाऊबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

हा आनंद तासभर टिकला. पुतणी सगळं मोबाइलवर थेट दाखवत होती आणि दोन्ही गावांचे ग्रुप ते बघत होते, हे मला नंतर कळलं. लिथुआनियात कुणाला कळलं नाही, पण निघोज्यात आंधळ्यालाही कळलं होतं. मालकांचा फोन आला. म्हणाले, गाणं झकास झालं, पण आता तुझ्या भावाला चौकात बसता येत नाहीये. लोक त्याला बघून ती ओवी म्हणतायत.  मला त्याला हाक मारायची होती, त्याचं हसं करायचं नव्हतं. उरलेले चार दिवस आम्ही हिंडलो, नाच बघितले, बीडकरणीने तिकडच्या बायकांना फुगडी शिकवली. मला सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. पण मधूनच ते आठवायचं आणि वाटायचं, होतं ते दारही मी स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

परत आलो तर चौकात आमचे फोटो लावलेला फ्लेक्स, त्यात जाऊबाईंचा फोटो आधारकार्डावरचा. सत्कार झाला, शाली मिळाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा परातीपुढे. आठवडा गेला, निघोज्यातून कुणी आलं नाही.

मग एका मंगळवारी, दुपारची गर्दी उरकल्यावर, भाऊ खानावळीत आला. शेवटच्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसला. चार वर्षांत तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता. मी ताट वाढलं, पिठलं, भाकरी, ठेचा, आणि समोर बसले. 

त्याने दोन घास खाल्ले आणि मान वर न करता म्हणाला, "लोकं इचारत्यात, आक्का परदेशात जाऊन तुझं गाऱ्हानं करून आली का."

"गाऱ्हानं न्हाई, ओवी हाय ती," मी म्हटलं.

"आईनं कधी आसली ओवी म्हनली न्हाई."

"आईला तरी वाटा कुठं मिळाला व्हता?"

 आम्हा दोघांनाही तो दिवस आठवत होता. मामांच्या जमिनीवरचा हक्क सोडायला आई खेडच्या कचेरीत गेली होती, आम्हाला दोघांना घेऊन. तिने अंगठा दिला, मामांनी आम्हाला भेळ घेऊन दिली, आणि बाहेरच्या नळावर आई तो अंगठा घासत बसली होती, शाई निघेपर्यंत. तो जेमतेम सहा वर्षांचा असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जात्यावर बसली आणि नेमाप्रमाणे भावाच्या ओव्या म्हटल्या, एकही न गाळता.

तो पुन्हा ताटाकडे वळला. भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात पोरीची हळद हाय. जात्याला पयला हात आत्याचा लागतो."

 माझं तिखट तोंड सगळ्या महाळुंग्याला ठाऊक आहे. त्याच तोंडाने मी एवढंच विचारलं, "येते. पन म्हनू काय? तुला चालंल आशी ओवी सांग."

"हीच म्हन," तो म्हणाला. आणि पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं. "माझ्या पोराला म्होरं बसवतो. त्याला बी बहीन हाय, त्याला ऐकू दे."

मी उठले आणि न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तो नको म्हणाला नाही.